नवा टीव्ही घेताना : दुकानातला झगमगाट आणि घरातली बैठक

दिवाळी जवळ आली की घरोघरी खरेदीची यादी तयार होते. यंदा त्या यादीत नव्या टीव्हीचे नाव आले असल्यास नवल नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ३२ इंचांपर्यंतच्या संचांवर तो २०१९ पासूनच १८ टक्के होता. करापूर्वी २५,००० रुपये किंमत असलेला मोठा संच आधी ३२,००० रुपयांना पडत असे, तो आता २९,५०० रुपयांना पडावयास हवा. दुकानदार ‘खास सणाची सवलत’ म्हणून जी रक्कम सांगतो, तिच्यातली किती करकपातीची आणि किती खरोखर त्याची, हे या हिशेबावरून कळते.

किनवटच्या गिऱ्हाइकापुढे मात्र किमतीच्याही आधी एक प्रश्न उभा असतो : टीव्ही घ्यावयाचा कोठे? जिल्ह्याचे ठिकाण नांदेड शंभर किलोमीटरांहून दूर, आणि आदिलाबाद त्या मानाने जवळ. १९५६ पर्यंत किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता. राज्याची सीमा बदलली, तरी जवळच्या बाजाराची ओढ कशी जाणार? त्यात आता मोबाइलवरून मागणी नोंदवून दारात खोके उतरवून घेण्याची सोय झाली आहे. गावातले ओळखीचे दुकान, नांदेडचे मोठे दालन, आदिलाबादची बाजारपेठ आणि मोबाइल, अशा चार वाटा समोर असतात. कोणती धरावी हे ठरविण्यापूर्वी घरात नेमके काय हवे आहे ते ठरले पाहिजे, आणि नेमके तेच बहुधा ठरलेले नसते.

एक काळ असा होता की निवडीला वावच नव्हता. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक संच बसविण्यात आले, त्यांत महाराष्ट्र नव्हता. १९८२ मध्ये रंग आले, आणि १९८७ मध्ये रविवारच्या ‘रामायणा’साठी ज्या घरी टीव्ही असेल त्या घरी गल्ली लोटू लागली. छपरावर एकाने अँटेना फिरवावी, दारातून दुसऱ्याने ‘आलं, आलं, गेलं’ असे ओरडावे, आणि मुंग्यांतून जे चित्र दिसेल ते गोड मानून घ्यावे, असा तो व्यवहार होता. आज चित्र इतके स्वच्छ येते की दुकानातल्या रांगेतील कोणताही संच वाईट दिसत नाही. फसगत होते ती येथेच.

बाजारपेठेतील एखादे जुने घर डोळ्यांसमोर आणावे. पुढची बैठक दहा बाय बारा फुटांची. एका भिंतीला टीव्ही, समोरच्या भिंतीला दिवाण, बाजूला दोन खुर्च्या. दिवाणावर आजी बसतात. त्यांचे गुडघे गेल्यामुळे चातुर्मासातही प्रवचनाला जाणे होत नाही. पारस किंवा जिनवाणी वाहिनीवरील प्रवचन हाच त्यांचा आधार. एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्याची व्हावयाची आहे. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात, मग संध्याकाळी सारे घर एकत्र बसते. नातवाला क्रिकेट हवे, सुनेला मालिका, मुलाला बातम्या. या घराला कोणता टीव्ही घ्यावा?

पहिला विचार अंतराचा. दिवाणावर बसणाऱ्याच्या डोळ्यांपासून पडद्यापर्यंत सुमारे नऊ फूट होतात. निरोगी नजरेला दोन बिंदू वेगळे दिसण्याची मर्यादा म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, असे ढोबळमानाने मानतात. ४३ इंची पडद्याची रुंदी ९५ सेंटिमीटर असते. ‘४के’ संचात तेवढ्या रुंदीत ३,८४० बिंदू बसवितात, म्हणजे एक बिंदू पाव मिलिमीटरचा. तो वेगळा दिसावयास डोळा पडद्यापासून तीन फुटांच्या आत हवा. ‘फुल एचडी’चा बिंदू अर्ध्या मिलिमीटरचा, तो साडेपाच-सहा फुटांपलीकडे वेगळा ओळखू येत नाही. तेव्हा नऊ फुटांवरून ४३ इंची ४के आणि ४३ इंची फुल एचडी यांच्या रेखीवपणात डोळ्याला फरक कळणार नाही. दुकानात तो कळतो, कारण गिऱ्हाईक पडद्यापासून दोन फुटांवर उभे असते. ४३ इंचांत आज बहुतेक संच ४केच मिळतात, त्यामुळे ते टाळण्याचे कारण नाही. मात्र केवळ त्या दोन अक्षरांसाठी दोन-चार हजार अधिक मोजू नयेत.

आकाराचे तसे नाही. ३२ इंचांवरून ४३ इंचांवर गेल्यास पडद्याचे क्षेत्रफळ पावणेदोनपटींहून अधिक वाढते. बातम्यांच्या तळाशी धावणारी अक्षरे आणि क्रिकेटचा धावफलक दिवाणावरून वाचता येतो की नाही, हे त्यावर ठरते. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला मोठ्या अक्षरांचा उपयोग खरा असतो. झगझगीत उजेडाचा मात्र त्रासच होतो, कारण धूसर झालेल्या भिंगात तो विखुरतो. मग ५५ इंची का नको, असे नातू विचारील. विचारू द्यावे. आजींची वाहिनी जर जुन्या, साध्या दर्जाच्या प्रक्षेपणाची असेल, तर तिच्या चित्रात ७२० गुणिले ५७६ इतकेच बिंदू असतात, आणि ४के पडद्यावर त्याच्या बरोबर वीसपट. एका बिंदूचे वीस करून संचाला जागा भरावी लागते. पडदा जितका मोठा, तितका हा भरलेपणा अधिक उघडा पडतो, चेहरे मेणाचे दिसू लागतात. नऊ फुटांच्या बैठकीला आणि असे मिश्र प्रक्षेपण पाहणाऱ्या घराला ४३ इंची संच पुरेसा आहे. ५५ इंची संचाचे सुख ज्या घरात बैठक खोल आहे आणि बहुतेक वाहिन्या एचडी घेतलेल्या आहेत, त्या घराला.

म्हणून दुकानात जाताना एक गोष्ट आवर्जून करावी. तेथे जी चित्रफीत सुरू असते, त्यात समुद्र, पोपट, फळे आणि फटाके असतात. ती संच विकण्यासाठीच चित्रित केलेली असते. ती बंद करून घरी रोज लागते ती वाहिनी लावावयास सांगावे. सेट-टॉप बॉक्स जोडून दाखविण्यास दुकानदार कुरकुर करील, पण करू द्यावी. पेनड्राइव्हवर घरातल्या लग्नाचे किंवा महोत्सवाचे चित्रण नेले तर आणखी उत्तम, कारण आपल्या माणसांचा रंग कसा असतो हे आपल्याला ठाऊक असते. दालनात संच ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ या भडक रूपात ठेवलेला असतो. तो ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’वर आणावयास लावून मगच पाहावा. मग बाजूच्या खुर्चीइतके सरकून उभे राहावे. तेथून चेहरे फिके पडत असतील, तर घरी बाजूला बसणाऱ्याला रोज तेच दिसणार. ‘आयपीएस’ जातीचा पडदा बाजूने चांगला दिसतो, ‘व्हीए’ जातीच्या पडद्यातला काळा रंग समोरून अधिक गडद दिसतो. लहान खोलीत माणसे बाजूला बसतातच, तेथे पहिली जात बरी. ‘क्यूएलईडी’ ही एलईडीचीच सुधारलेली आवृत्ती. ‘ओएलईडी’मध्ये प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो, त्याचे चित्र अप्रतिम आणि किंमतही तशीच. शिवाय दिवसभर एकच वाहिनी चालणाऱ्या घरात तिच्या बोधचिन्हाचा डाग पडद्यावर कायमचा उमटण्याचा धोका त्यात असतो. अखेरीस संच बंद करून काळ्या पडद्यात स्वतःचा चेहरा पाहावा. तो आरशासारखा स्वच्छ दिसला, तर बैठकीच्या दाराचा उजेड दुपारी तसाच त्यात दिसेल.

इथवर डोळ्यांची गोष्ट झाली. टीव्हीची पारख बहुतेक जण येथेच संपवितात, आणि आजींच्या दृष्टीने जे सर्वांत महत्त्वाचे, ते राहून जाते : आवाज.

जुन्या डब्यासारख्या संचाला पोट होते, त्यात मोठा ध्वनिक्षेपक मावत असे आणि तो बहुधा समोर तोंड करून बसे. आताचा संच बोटभर जाडीचा. त्यातले ध्वनिक्षेपक लहान, आणि बहुतेकदा खाली किंवा मागे तोंड केलेले. आवाज आधी भिंतीवर आदळतो आणि मग खोलीत येतो. वय वाढते तसे कानाला आधी उंच पट्टीचे ध्वनी कमी ऐकू येऊ लागतात, आणि स, श, फ, थ यांसारखी व्यंजने ओळखू येतात ती त्याच ध्वनींमुळे. वृद्ध माणसे ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ म्हणतात त्याचा अर्थ हा. घरचे मग आवाज वाढवितात. त्याने धुमारा वाढतो, शब्द स्पष्ट होत नाहीत. सुनेला कर्कश्श होते, नातवाचा अभ्यास मोडतो. काही दिवसांनी आजी ‘राहू दे, मला नको’ म्हणून आतल्या खोलीत जाऊन बसतात, आणि घराला वाटते त्यांचे टीव्हीवरचे मन उडाले.

तेव्हा खोक्यावर लिहिलेल्या ‘२० वॅट’ या आकड्यावर जाऊ नये. तो आवाजाचे बळ सांगतो, स्पष्टपणा सांगत नाही. सकाळी दुकान उघडताच, गर्दी होण्यापूर्वी जावे. प्रवचन किंवा बातम्या लावून नऊ फुटांवर बसावे, डोळे मिटावेत आणि बेताच्या आवाजात प्रत्येक शब्द कळतो का ते ऐकावे. ज्यांच्यासाठी संच घ्यावयाचा त्यांना नेता आले तर न्यावे. गुडघ्यांचे कारण असते हे खरे, पण दुकानाच्या पायरीपर्यंत रिक्षा येते. बऱ्याच संचांत संभाषण ठळक करणारी एक सोय दिलेली असते, ती सुरू करून पुन्हा ऐकावे. तरीही शब्द पुसट वाटले, तर सरळ मार्ग असा की पडद्यावरचा खर्च एक पायरी कमी करावा आणि उरलेले पैसे वेगळ्या साउंडबारमध्ये घालावेत. त्यासाठी संचाच्या मागे ‘एआरसी’ असे लिहिलेले एचडीएमआय छिद्र आहे ना, हे पाहून घ्यावे. एका आजींपुरता प्रश्न असेल तर ब्लूटूथ हेडफोनही चालतो. काही संचांत मात्र हेडफोन जोडताच बाकीच्यांचा आवाज बंद होतो. दोन्ही एकाच वेळी चालतात की नाही, हे विकत घेण्यापूर्वी जोडून पाहावे. आणि आवाज दर महिन्याला वाढवावा लागत असेल, तर नव्या टीव्हीच्या आधी कानांची तपासणी करून घेणे शहाणपणाचे.

दुसरी अडचण रिमोटची. स्मार्ट टीव्ही सुरू केला की आधी चित्रपटांच्या चौकटी आणि जाहिराती येतात. त्यातून आजींना आपल्या वाहिनीपर्यंत पोहोचावयाचे असते, हातात एक रिमोट टीव्हीचा आणि दुसरा सेट-टॉप बॉक्सचा. एक चुकीचे बटण दाबले की नातू शाळेतून येईपर्यंत पडदा तसाच. पुष्कळ संचांत ‘सुरू होताच शेवटचे लावलेले दाखव’ अशी मांडणी करता येते, आणि टीव्हीच्याच रिमोटवर बॉक्सही चालू-बंद व्हावा अशी एक जोडणी असते. बसवावयास येणाऱ्या कारागिराकडून या दोन गोष्टी करून घेतल्याशिवाय त्याला सोडू नये. त्याच वेळी तो पडद्यावरच्या परवानग्या भराभर ‘होय, होय’ करीत जातो. त्यांतली एक बहुधा घरात काय पाहिले जाते त्याची माहिती कंपनीला पाठविण्याची असते. ती नाकारता येते, आणि नाकारल्याने टीव्ही बंद पडत नाही.

वीज, पाऊस आणि ऊन यांचा विचार किनवटला टाळता येत नाही. संचाच्या पाठीवरील पट्टीवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे लिहिलेले असेल, तर कमी दाबासाठी निराळ्या स्टॅबिलायझरची गरज सहसा पडत नाही. वीज परत येताना उसळणारा दाब आणि आकाशातली वीज हे खरे शत्रू. त्यासाठी नीट अर्थिंग हवे, लाटरोधक प्लग हवा, आणि गडगडाट सुरू झाला की भिंतीतला प्लग व डिशची तार दोन्ही काढण्याची सवय हवी. प्लग काढून तार तशीच ठेवणारे पुष्कळ असतात. जोराच्या पावसात डिशचे चित्र जाते, तो संचाचा दोष नव्हे. त्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात. बहुतेक माहितीपुस्तिकांत संच ४० अंशांपर्यंतच्या तापमानात वापरावा असे म्हटलेले असते. मे महिन्यात पारा त्याच्या वर जातो, तेव्हा पश्चिमेची तापणारी भिंत टाळावी आणि लाकडी कोनाड्यात संच घट्ट कोंबू नये. पावसाळी संध्याकाळी पडद्याच्या उजेडावर बारीक किडे येतात. खिडकीची जाळी आधी लावून मगच टीव्ही सुरू केला आणि तेज कमी ठेवले, तर त्या जिवांची हिंसा टळते आणि पडदाही पुसावा लागत नाही. पुसावयाचाच तर कोरड्या मऊ कापडाने, पाण्याचा फवारा न मारता.

विजेच्या बिलाची धास्ती मात्र अनाठायी आहे. ८० वॅटचा संच रोज पाच तास चालला तरी महिन्याला १२ युनिटे होतात. मोबाइलच्या डेटावर टीव्ही चालविण्याचे तसे नाही. एचडी चित्रपटाला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागू शकतो, म्हणजे रोज २ जीबी मिळणाऱ्या मोबाइलचा पाऊण तासात निकाल. घरात तारेचे इंटरनेट नसेल, तर ‘स्मार्ट’ या शब्दासाठी फार पैसे देण्यात अर्थ नाही.

आता पुन्हा त्या चार वाटा. आदिलाबादेत घेतला तरी कराचा दर तोच आणि नामांकित कंपनीची हमीही देशभर तीच. प्रश्न येतो बिघाड झाल्यावर. ४३ इंची संच दुरुस्तीसाठी एस. टी.तून नेता येत नाही. म्हणून घेण्यापूर्वी कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून किनवटचा पिन कोड सांगावा, आणि कारागीर घरी येतो का व जाण्यायेण्याचे पैसे कोण देतो, हे विचारावे. उत्तर गुळमुळीत आले तर दोन हजारांनी महाग पडणारे गावातले दुकान बरे, तेथे निदान तोंड ओळखीचे असते. तक्रारीची वेळ आलीच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली आहे. खरेदी आदिलाबादेत झालेली असो की मोबाइलवरून, ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे नांदेडला, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर फोन करता येतो. या सगळ्याला पक्के बिल लागते. ‘बिलाविना घ्या, पाचशे कमी करतो’ असे म्हणणाऱ्याला त्याच पावली नमस्कार करावा.

जुन्या संचाचे काय? डब्याच्या टीव्हीच्या काचेत शिसे असते. भंगारवाला ती नळी फोडून तांबे काढतो आणि काच नाल्यात टाकतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी जुन्या वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा अदलाबदलीत देताना तो संच पुढे कोठे जातो, एवढे तरी विचारावे. चालू स्थितीत असेल तर एखाद्या गरजू घरी द्यावा, तेथे तो अजून काही वर्षे चालेल.

खोके घरी आले की उघडताना मोबाइलवर चित्रण करावे आणि पडदा उजळून पाहिल्याशिवाय पावतीवर सही करू नये. तडकलेला पडदा हमीत येत नाही. कारागीर भिंतीवर खुणा करू लागेल, तेव्हा त्याला थांबवून आजींना आधी दिवाणावर त्यांच्या जागी बसवावे. बसल्या माणसाची नजर जेथे सरळ जाते तेथे पडद्याचा मध्य यावा. दाराच्या चौकटीच्या वर टीव्ही टांगण्याची जी पद्धत पडली आहे, तिने मानेचे दुखणे मात्र पदरी पडते. खुणा झाल्या की प्रवचनाची वाहिनी लावावी, आवाज कमी करीत जावा, आणि आजी ‘एवढा पुरे’ म्हणतील तेथे ठेवावा.